लिंबू, मोसंबी आणि कारखाना : अहिल्यानगर जिल्ह्यातील फळप्रक्रियेचे काही प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या, दक्षिण भागात कागदी लिंबाच्या बागा फार आहेत. श्रीगोंदे व कर्जत हे तालुके ह्या पिकासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, पाणी विहिरीचे किंवा घोड व कुकडी कालव्यांच्या आवर्तनांचे, अशा परिस्थितीत लिंबू हे शेतकऱ्याला टिकवून धरणारे झाड ठरले. तथापि ह्या फळाचा बाजार विलक्षण आहे. उन्हाळ्यात जे लिंबू शहरात नगावर विकले जाते, तेच पावसाळ्यात गोणीने आणले तरी त्याला उठाव नसतो. तोडणीची मजुरी, गोणी, गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा केली म्हणजे शेतकऱ्याच्या हाती येणारी पट्टी पुष्कळदा एवढी लहान असते की फळ झाडाखाली पडू दिलेले बरे, असा हिशेब तो करतो.

अशा वेळी एक मागणी हटकून पुढे येते : ह्या लिंबांवर प्रक्रिया करणारा कारखाना काढावा. मागणी रास्त आहे आणि वरवर पाहता तिच्यात अवघड असे काही दिसत नाही. फळ विपुल आहे, स्वस्त आहे, त्यातून रस निघतो आणि रस विकला जातो. ज्या जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथे लिंबाचा कारखाना का उभा राहू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. ह्या प्रश्नाचे उत्तर उत्साहाच्या अभावात शोधणे चुकीचे होईल. ते फळाच्या रसायनात, झाडाच्या ऋतुचक्रात, यंत्राच्या घडणीत आणि बाजाराच्या रीतीत विखुरलेले आहे. ही अंगे वेगवेगळी पाहून मग एकत्र जोडणे हा येथील विवेचनाचा हेतू आहे.

२. नावे आणि वस्तू

आरंभ नावांपासून करणे सोयीचे आहे, कारण ह्या व्यवसायातील पहिली अडचण नावांतूनच उद्भवते. ह्या वर्गातील काही फळांची नावे जुनी आहेत. संस्कृतातील ‘मातुलुङ्ग’ मराठीत ‘महाळुंग’ झाले. ‘जम्बीर’ हा शब्द ‘जंबेरी’ किंवा ‘जंबुरी’ ह्या रूपाने आजही रोपवाटिकेत ऐकू येतो, पण तेथे तो खाण्याच्या फळाचा नसून ज्यावर डोळा भरायचा त्या खुंटाचा वाचक आहे. ‘नारङ्ग’ हा शब्द फारसी व अरबी ह्या वाटेने युरोपात गेला आणि इंग्रजी ‘ऑरेंज’च्या मुळाशी जाऊन बसला. ह्याउलट ‘मोसंबी’ हे नाव मोझांबिक ह्या आफ्रिकेतील प्रदेशावरून आले असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या एकाच बागेत भारतीय, फारसी आणि सागरी व्यापाराचे शब्द शेजारी शेजारी उभे आहेत.

व्यवहारात मात्र ही समृद्धी घोटाळ्याला कारण होते. मोसंबीला भारतीय इंग्रजीत सर्रास ‘स्वीट लाइम’ म्हणतात, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती गोड संत्र्याच्या जातीची आहे आणि लिंबाशी तिचे तसे निकटचे नाते नाही. उलट आपले कागदी लिंबू हे परदेशात ‘मेक्सिकन लाइम’ किंवा ‘की लाइम’ म्हणून ओळखले जाते; बाहेरच्या बाजारात नुसते ‘लाइम’ म्हटले तर पुष्कळदा त्याहून मोठे, जाड सालीचे आणि बिनबियांचे ताहिती लिंबू अभिप्रेत असते. कृषी-आकडेवारीत लेमन आणि लाइम ही दोन्ही एकाच रकान्यात मोडतात. त्यामुळे त्या रकान्यातील बेरीज पाहून यंत्राची मागणी नोंदविणारा उद्योजक एका फळासाठी बनविलेले यंत्र दुसऱ्याच फळापुढे आणून उभे करण्याचा संभव असतो. इंग्रजीत चुन्यालाही ‘लाइम’च म्हणतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे फळांच्या सालीवरील प्रक्रियेत चुन्याचाही उपयोग होत असल्याने विद्यार्थ्याने तेथेही सावध राहणे इष्ट आहे.

नावाच्या घोटाळ्याची किंमत किती मोठी असू शकते, ह्याचे उदाहरण ब्रिटिश नौदलाच्या इतिहासात आहे. जेम्स लिंड ह्या वैद्याने १७४७ साली रक्तपिती झालेल्या खलाशांवर प्रयोग करून संत्री व लेमन ही फळे गुणकारी असल्याचे दाखविले आणि १७९५ पासून लेमनचा रस नौदलात नियमाने दिला जाऊ लागला. त्या काळी ‘लेमन’ आणि ‘लाइम’ हे शब्द सैलपणे एकमेकांऐवजी वापरले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधील लिंबाचा रस घेण्यात आला, तेव्हा वस्तू बदलली ह्याची जाणीव कोणास फारशी झाली नाही, कारण नाव तेच राहिले होते. ह्या रसात क जीवनसत्त्व मुळात कमी. त्यात तो दीर्घकाळ साठविलेला आणि तांब्याच्या नळ्यांतून खेळविलेला. तांब्याच्या संसर्गाने हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. १८७५-७६ च्या ब्रिटिश ध्रुव-मोहिमेत रक्तपिती पुन्हा उद्भवली आणि फळांच्या गुणाविषयीच शंका घेतली जाऊ लागली. लिंबाच्या रसाची दुर्बलता प्रयोगाने सिद्ध व्हावयास १९१८ साल उजाडावे लागले. शब्द, फळ आणि नळीचा धातू ह्या तीन गोष्टी एकत्र येऊन केवढा अनर्थ घडला, हे येथे पाहण्यासारखे आहे.

३. बहार आणि कारखान्याचे दिवस

लिंबाच्या झाडाला वर्षातून तीनदा फुले येऊ शकतात. आंब्याच्या मोहराच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, येतो तो आंबेबहार. मृग नक्षत्राच्या पावसावर येतो तो मृगबहार. आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, येतो तो हस्तबहार. ‘बहार’ हा फारसी शब्द वसंत ऋतूचा वाचक आहे. मराठी बागाईतदाराने त्याला नक्षत्रांची विशेषणे लावून एक काटेकोर पारिभाषिक संज्ञा घडविली. शिवाय तो बहार ‘येतो’ असे म्हणून थांबत नाही, तर बहार ‘धरतो’. पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा आणि मग पाणी व खत देऊन फुलोरा आणावयाचा, ही क्रिया त्या क्रियापदात सामावलेली आहे.

लिंबाचे फळ फुलापासून साधारणतः पाच-सहा महिन्यांनी तोडणीस येते. त्यामुळे आंबेबहाराचे फळ जून ते सप्टेंबर ह्या काळात, म्हणजे सरबताची मागणी ओसरल्यावर, बाजारात येते. हस्तबहाराचे फळ मार्च ते मे ह्या काळात येते आणि त्याला सर्वांत चांगला भाव मिळतो. असे असता सर्वांनी हस्तबहारच का धरू नये? कारण त्यासाठी ताण द्यावयाचा काळ नेमका पावसाळ्यात पडतो. आकाशातून पडणारे पाणी तोडता येत नाही; काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत तर मुळीच नाही. ह्यावर उपाय म्हणून जूनमध्ये जिबरेलिक आम्ल, सप्टेंबरात सायकोसेल आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट ह्यांच्या फवारण्यांची शिफारस करण्यात आली आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, म्हणजे ह्याच जिल्ह्यातील राहुरीच्या विद्यापीठाने, लिंबावर दीर्घकाळ काम केले असून ‘साई सरबती’ व ‘फुले सरबती’ हे कागदी लिंबाचे वाण तेथूनच प्रसारित झाले.

कारखान्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय होतो? हस्तबहार जितका यशस्वी, तितके उन्हाळी फळ अधिक. पण ते फळ कारखान्याकडे येणार नाही, ते ताज्या फळाच्या बाजारातच जाईल. कारखान्याच्या वाट्याला मुख्यतः पावसाळी फळ, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे काम. उदाहरणादाखल दररोज ५० टन फळ घेणारा कारखाना कल्पावा. तो वर्षात ९० दिवस चालला तर ४,५०० टन फळ गाळील. ३०० दिवस चालला असता तर त्याने १५,००० टन गाळले असते. यंत्रांवरील व्याज व घसारा मात्र दोन्ही परिस्थितींत सारखाच. म्हणजे दर टनामागे हा भार पहिल्या कारखान्यावर तिपटीहून अधिक पडतो. विदर्भातही हाच प्रश्न वेगळ्या प्रमाणात उपस्थित होतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मार्च २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या कारखान्याची क्षमता दररोज ८०० टन फळाची असल्याचे जाहीर करण्यात आले. असा कारखाना वर्षाचे ३०० दिवस पूर्ण क्षमतेने चालवावयाचा तर २,४०,००० टन फळ लागेल. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. फळ मात्र रोज मिळवावे लागते.

४. कडूपणाचे रसायन

घरात मोसंबीचा रस काढला की तो लगेच प्यावा, ठेवल्यास कडू होतो, हे सर्वांना ठाऊक असते. लिंबाच्या बिया सरबतात चुरडू नयेत, हेही घराघरांत सांगितले जाते. ह्या दोन्ही सांगण्यांमागे एकच द्रव्य आहे. त्याचे नाव लिमोनिन.

अखंड फळात लिमोनिन जवळजवळ नसते. तेथे त्याचे एक पूर्वरूप असते आणि ते चवीला कडू लागत नाही. फळ चिरून पिळले की पेशी फुटतात. रसातील आम्ल आणि एक विकर ह्यांच्या योगाने त्या पूर्वरूपाचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते. उष्णतेने हा बदल लवकर घडतो. म्हणून ताजा असताना गोड असलेला रस पाश्चरीकरण होऊन बाटलीत भरल्यावर काही काळाने कडू निघतो. ह्यास ‘विलंबित कडूपणा’ म्हणता येईल. लिमोनिनचे प्रमाण दहा लाख भागांत सहा भागांच्या आसपास गेले तरी पुष्कळांना ते जाणवते. पपनस आणि ग्रेपफ्रूट ह्यांतील कडूपणा वेगळा : तो नॅरिंजिन नावाच्या द्रव्याचा असून तो आरंभापासूनच चवीला जाणवतो.

मोसंबी आणि नागपुरी संत्रे ह्या दोन्ही फळांच्या रसात हा विलंबित कडूपणा येतो, आणि महाराष्ट्रातील लिंबूवर्गीय रसोद्योगाचे हे जुने दुखणे आहे. त्यावर उपाय आहेत : फळ पूर्ण पिकू देणे, पिळताना दाब मर्यादित ठेवणे, चोथा रसापासून त्वरित वेगळा करणे आणि शेवटी रस विशिष्ट राळेच्या कणांमधून गाळून लिमोनिन शोषून घेणे. परंतु ह्या प्रत्येक उपायाला मोल आहे. दाब कमी केला तर रस कमी निघतो. राळेच्या स्तंभाला भांडवल लागते, राळ वारंवार क्षाराने धुऊन पुनरुज्जीवित करावी लागते, आणि त्या धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. मोसंबीची दुसरी अडचण तिच्या गोडव्यातच आहे. तिच्यात आम्ल फार कमी असल्याने रस सपक लागतो आणि टिकविण्यासही अवघड जातो. म्हणून त्यात आम्ल मिसळावे लागते. खाणाऱ्याला जो गुण वाटतो तो कारखानदाराला दोष वाटतो, अशी ही स्थिती आहे.

५. कागदी साल आणि आम्ल

‘कागदी’ हे विशेषण सालीच्या पातळपणावरून पडले आहे. गृहिणीला पातळ साल हवी असते, कारण रस अधिक निघतो. यंत्राला मात्र ती अडचणीची होते. लिंबाच्या सालीतील सूक्ष्म पिशव्यांत सुगंधी तेल असते आणि ते रसाहून कितीतरी अधिक मोलाचे असते. जाड सालीच्या संत्र्यात रस आणि तेल एकाच फटक्यात, तरीही अलग अलग, काढणारी यंत्रे आहेत. खालच्या व वरच्या वाट्यांत फळ दाबले जाते, रस मधल्या नळीतून खाली जातो आणि साल बाहेर फेकली जाते. ह्या वाट्या ठराविक व्यासाच्या फळासाठी घडविलेल्या असतात. लहान-मोठ्या कागदी लिंबांची मिसळ त्यांत घातली तर मोठे फळ चिरडते आणि लहान फळ नीट पिळले जात नाही. म्हणून यंत्राआधी प्रतवारी हवी. प्रतवारी म्हणजे आणखी यंत्र, आणखी जागा, आणखी मजूर.

वेस्ट इंडीज व मेक्सिको येथे लिंबासाठी दुसरी पद्धत रूढ झाली. तेथे अखंड लिंबे मळसूत्री दाबयंत्रात चिरडतात, रस व तेल ह्यांचे मिश्रण मोठ्या टाक्यांत काही दिवस निवळू देतात, आणि वर तरंगणारा तेलकट थर वाफेने ऊर्ध्वपातित करतात. ह्या क्रियेत आम्लामुळे तेलातील मूळ सुगंध पालटतो. तरीही त्या पालटलेल्या सुगंधालाच कोला व अन्य पेयांच्या उद्योगात मागणी आहे. म्हणजे जो बदल संत्र्याच्या बाबतीत नासाडी ठरला असता, तो लिंबाच्या बाबतीत मालाची ओळख ठरला. पारदर्शकतेविषयीही असेच म्हणता येईल. संत्र्याचा रस गढूळ राहावा म्हणून त्यातील पेक्टिन तोडणारे विकर उष्णतेने नष्ट करावे लागते. लिंबाचे निवळ सरबत करताना त्याच विकराला मुद्दाम काम करू दिले जाते. एका फळाचे तंत्र दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

यानंतर आम्लाचा प्रश्न. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. साध्या पोलादाला तो खातो. तांबे व पितळ ह्यांच्या संसर्गाने रस बिघडतो. टाकी, नळी, पंप, झडप हे सर्व गंजरोधक पोलादाचे लागते. ज्या कारखान्यात लिंबाचे लोणचेही बनते, तेथे आम्लाच्या जोडीला मीठ येते आणि साध्या गंजरोधक पोलादालाही सूक्ष्म छिद्रे पडतात. मॉलिब्डेनम असलेले महाग पोलाद घ्यावे लागते. सांडलेल्या रसाने सिमेंटची फरशीसुद्धा झिजते. प्रकल्प-अहवालात फरशीचा उल्लेख क्वचितच असतो. कारखाना चालविणाऱ्याला मात्र तिसऱ्या वर्षी तिचा खर्च करावा लागतो.

६. वाफ, साखर आणि वर्षाचे दोन भाग

रस साठवावयाचा आणि दूर पाठवावयाचा तर त्यातील पाणी काढणे भाग आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता एकदाच वापरून सोडून देण्याऐवजी पहिल्या भांड्यातील वाफेने दुसरे, दुसऱ्यातील वाफेने तिसरे भांडे तापविण्याची युक्ती नॉर्बर्ट रिल्यू ह्याने लुइझियानातील साखर-उद्योगासाठी शोधली आणि १८४३ साली तिचे एकस्व घेतले. ह्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत हीच बहुपरिणामी बाष्पन-पद्धती चालते. म्हणजे लिंबाच्या कारखान्याला लागणारे मूळ तांत्रिक ज्ञान येथे परके नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की उसाचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन उन्हाळ्याच्या सुमारास संपतो, आणि लिंबाचा पूर जून ते सप्टेंबर ह्या काळात येतो. एकाचा हंगाम संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो. साखर कारखान्याचा बाष्पित्र, शिल्लक बगॅस, वीज आणि कुशल कामगार पावसाळ्यात उपयोगात आणता येतील, ही कल्पना म्हणूनच आकर्षक वाटते.

परंतु तिच्यातही तीन अडथळे आहेत. पहिला असा की उसाचा रस ज्या तापमानाला आणि जितका वेळ तापविला जातो, तितका लिंबाचा रस तापविल्यास त्याचा रंग काळवंडतो व सुगंध उडून जातो. त्यासाठी निर्वात, कमी तापमानाची आणि काही मिनिटांत काम उरकणारी वेगळी भांडी लागतात. थोडक्यात, साखर कारखान्याची वाफ घेता येईल, कढया घेता येणार नाहीत. दुसरा असा की पावसाळा हा साखर कारखान्यात दुरुस्तीचा काळ असतो. बाष्पित्र उघडून साफ करण्याचे व तपासून घेण्याचे काम त्याच महिन्यांत चालते. तिसरा असा की प्रचंड बाष्पित्र अल्प वाफेसाठी पेटविणे इंधनाच्या दृष्टीने परवडत नाही. त्यासाठी लहान, स्वतंत्र बाष्पित्र हवे. हे अडथळे दुर्लंघ्य नाहीत. पण ते आधी मोजले पाहिजेत.

७. आम्लाचा बाजार कोठे गेला

लिंबाचा कारखाना म्हणजे सायट्रिक आम्लाचा कारखाना, अशी एक समजूत आढळते. तिच्यामागे इतिहास आहे. कार्ल शेले ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली लेमनच्या रसातून हे आम्ल वेगळे केले. पुढे सिसिलीतील लेमनचा रस चुन्याबरोबर मिसळून कॅल्शियम सायट्रेट बनविण्याचा उद्योग वाढला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत जगाच्या बाजारावर इटलीची पकड राहिली. १९१७ साली जेम्स करी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवून त्यापासून विपुल सायट्रिक आम्ल मिळते हे दाखविले. दोन वर्षांत फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केले. लेमनच्या बागांवर उभा असलेला तो आम्लोद्योग पुढे लयास गेला.

हिशेब सोपा आहे. एक टन कागदी लिंबांतून ४५ टक्के रस निघाला आणि त्यात साडेसहा टक्के आम्ल असले, तर एकूण आम्ल २९ किलोच्या आसपास मिळेल. बाकीचे ९७० किलो म्हणजे पाणी, साल, चोथा आणि बिया, आणि त्या सर्वांची वाहतूक फळाच्या किमतीत भरावी लागते. साखरेच्या द्रावणातून किंवा मळीतून बुरशीच्या साहाय्याने तेच आम्ल कितीतरी स्वस्तात होते. मळी तर ह्या जिल्ह्यात साखरेबरोबर आपोआप निर्माण होते. म्हणून ज्या जिल्ह्यात ऊस आणि लिंबू शेजारी आहेत, तेथे आम्लाच्या बाजारात ऊसच लिंबाला हरवितो, असे म्हणावे लागते. लिंबाने स्पर्धा करावयाची तर ती आंबटपणात नव्हे. सुगंध, तेल, नैसर्गिक रस आणि पेक्टिन ह्यांत करावी लागेल.

८. चोथ्याचे अर्थशास्त्र

५० टनांच्या आपल्या कल्पित कारखान्यातून दररोज सुमारे २७ टन ओली साल व चोथा बाहेर पडेल. पावसाळ्यात हा ढीग दोन दिवसांत आंबतो, त्याचा निचरा ओढ्यात गेला तर पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो, आणि तक्रारी सुरू होतात. त्यापासून गोबरवायू करावा असे सुचविले जाते; परंतु सालीतील लिमोनीन हे तेल मिथेन बनविणाऱ्या जंतूंना मारक असते. आधी तेल काढल्याशिवाय ह्या चोथ्याचा वायू नीट होत नाही. येथेही नावाची सावधगिरी हवी : तेलातील ‘लिमोनीन’ आणि कडूपणाचे ‘लिमोनिन’ ही दोन अगदी भिन्न द्रव्ये आहेत, मराठीत त्यांच्यात केवळ एका वेलांटीचा भेद आहे.

चोथ्याचे दोन चांगले उपयोग आहेत. पहिला पशुखाद्याचा : सालीत थोडा चुना मिसळला की ती पाणी सोडते, मग दाबून वाळविता येते. दूधधंदा जोरात असलेल्या ह्या जिल्ह्यात अशा खाद्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण नाही. पण भर पावसात वाळविण्यासाठी इंधन जाळावे लागते. दुसरा पेक्टिनचा. लिंबाची साल ही उत्तम पेक्टिनच्या प्रमुख स्रोतांपैकी एक आहे. साल ताबडतोब धुऊन वाळविली नाही तर तिच्यातील विकर पेक्टिनची प्रत उतरवितात. पेक्टिन द्रावणातून वेगळे करण्यास मद्यार्क लागतो, आणि तो वारंवार परत मिळवून वापरावा लागतो. साखर कारखान्यांच्या जोडीला मद्यार्क-प्रकल्प असलेला हा जिल्हा ह्या बाबतीत अनुकूल आहे. साल वाळवून पेक्टिनच्या मोठ्या कारखान्याला विकणे ही पहिली पायरी. स्वतः पेक्टिन काढणे ही पुष्कळ पुढची.

९. बाग आधी, कारखाना मागून

सहकारी साखर कारखाना यशस्वी झाला तो केवळ यंत्रांमुळे नव्हे. सभासदावर ऊस घालण्याचे बंधन होते, उसाची किमान किंमत कायद्याने ठरत होती, आणि ऊस तोडल्यावर त्याला कारखाना किंवा गुऱ्हाळ ह्यांवाचून फारशी गती नव्हती. लिंबाचे तसे नाही. भाव चढला की लिंबू मुंबई-पुण्याच्या बाजारात जाणार, आणि भाव पडला की कारखान्याच्या दारात येणार. शेतकऱ्याच्या बाजूने हे पूर्ण समंजस वर्तन आहे. त्याला दोष देता येत नाही. पण त्यामुळे कारखान्याला फळ मिळते ते उरलेले, डागाळलेले, अनियमित. फ्लॉरिडा आणि ब्राझीलमधील साओ पाउलो येथे संत्र्याच्या बहुसंख्य बागा मुळात रसासाठीच लावल्या गेल्या. तेथे कारखाना हा बाजार होता. येथे तो बाजाराचा उकिरडा होण्याची भीती आहे.

आणि बाग हीच नाहीशी झाली तर? ह्या जिल्ह्याच्या उत्तर भागाला हा अनुभव आहे. गोदावरीचे कालवे १९१६ च्या सुमारास आणि भंडारदरा धरणाचे पाणी १९२६ पर्यंत मिळू लागल्यावर कोपरगाव, श्रीरामपूर ह्या पट्ट्यात मोसंबीच्या बागा बहरल्या. पुढे कालव्याच्या पाण्याने जमिनी पाणथळ व चोपण होऊ लागल्या, मुळे कुजली, डिंक्या आला, ट्रिस्टेझा विषाणूने झाडे पोखरली, आणि शेंड्याकडून वाळत येणाऱ्या झाडांच्या ओळी दिसू लागल्या. श्रीरामपूर येथे ह्या ऱ्हासाच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र काढावे लागले, ह्यावरून संकटाची व्याप्ती कळून येते. मोसंबीचे महाराष्ट्रातील मुख्य क्षेत्र पुढे जालन्याकडे सरकले. फ्लॉरिडाचा अनुभव ह्याहून भीषण आहे : २००५ मध्ये तेथे ‘ग्रीनिंग’ रोग आढळला, आणि २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या असलेले संत्र्याचे उत्पादन २०२३-२४ मध्ये दोन कोटी पेट्यांच्याही खाली आले. जगातील उत्तम यंत्रे तेथे होती. पिळावयास फळ उरले नाही. लिंबावरील खैऱ्या आणि ट्रिस्टेझा ह्यांच्याविरुद्धचे संशोधन, निरोगी मातृवृक्षांवरून तयार केलेली रोपे आणि पाण्याचा निचरा ही म्हणूनच कारखान्याच्या भांडवलाचीच अंगे मानली पाहिजेत.

ह्या सर्व विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. केवळ पावसाळी लिंबाच्या भरवशावर मोठा कारखाना काढणे धोक्याचे आहे. त्याऐवजी आधी प्रतवारीचे केंद्र असावे. तेथे उत्तम फळ बाजारासाठी निवडले जावे आणि उरलेले त्याच दिवशी पिळले जावे. गावोगाव लहान केंद्रांत रस काढून टिकाऊ करावा आणि सुगंधी तेल, निवळ रस व वाळलेली साल ह्यांचे पुढील काम एका मध्यवर्ती ठिकाणी व्हावे. राहात्याचे पेरू, डाळिंब, टोमॅटो ह्यांची जोड देऊन यंत्रांचे कामाचे दिवस वाढवावेत. आणि शेतकऱ्याशी करार करताना ‘सर्व फळ आम्हांला’ असा हट्ट न धरता, पावसाळ्यातील ठराविक वाटा ठराविक दराने घेण्याची हमी द्यावी. ह्याने शेतकरी श्रीमंत होणार नाही. परंतु श्रावणात गोणी भरावी की फळ झाडाखाली सडू द्यावे, हा जो हिशेब त्याला दरवर्षी करावा लागतो, त्यात गोणी भरण्याच्या बाजूला थोडे वजन पडेल. कारखान्याकडून आरंभी एवढीच अपेक्षा धरणे रास्त होय.